लोकरीचा दाखला

हावोद वेनच्या माळ्यावर मी रांगत होते,
दातांत टॉर्च, हातात पट्टी.
खाली शिडी धरून गेथिन प्रॉसर,
आणि शिडीच्या पायाशी त्याची कुत्री,
जणू तिनेच सगळं तोलून धरलंय.

नियम सोपा आहे, मी वरून सांगत होते,
तुळयांच्या मधे शंभर, तुळयांवर आडवे एकशे सत्तर,
मिळून दोनशे सत्तर मिलिमीटर.
वळचणीपाशी मात्र पन्नासची फट उघडी.

"म्हणजे आधी छप्पर बुजवायचं
आणि मग वाऱ्याला दार ठेवायचं?"

घराला घाम येतो, मिस्टर प्रॉसर.
तो पुसायला वारा लागतो.

हे त्याला लगेच पटलं.
मेंढ्यांच्या शेडबद्दल त्याचंही हेच म्हणणं होतं.

भांडण होतं ते लोकरीवरून.

माळाभर त्याने स्वतःच्याच मेंढ्यांची लोकर पसरली होती,
तीन सालांची कातरणी.
बाजारात तिचे पैसे
कातरणाऱ्याच्या मजुरीलाही पुरत नाहीत,
जाळायची तर वास, पुरायची तर परवानगी.
म्हणून धुतली, बायकोच्या न्हाणीत, तिच्या शिव्या खात,
पिंजली, बोरॅक्स चोळला,
आणि पोत्यापोत्याने वर चढवली.

दाखला? मी विचारलं.
ऊब किती अडवते, पेट कशी घेते,
कसर लागते का, कुणी तपासलंय?

त्याने खिडकीकडे बोट केलं.
बाहेर उतारावर, बोचऱ्या वाऱ्यात,
एकशे चाळीस दाखले चरत होते.

मला हसू आलं. मी हसले नाही.
रकान्यात लिहिलं, साहित्य अप्रमाणित.
कारण उद्या एखाद्या जुन्या तारेची ठिणगी पडली
तर कागदावर नाव माझं
आणि खाली झोपलेली माणसं त्याची.
हे मी त्याला सांगितलं नाही.
नुसता कलमाचा आकडा सांगितला.

सहा महिने पत्रं गेली, पत्रं आली.
नमुना पाठवा.
नमुना पाठवला.
नमुना टपालात ओला झाला, पुन्हा पाठवा.
लोकरीचंच प्रकरण ते, घोंगडं भिजत पडलं.

जानेवारीत बर्फ पडला.
दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीच्या वळणावर आले
तर खोऱ्यातली सगळी छपरं समोर,
उघड्या वहीसारखी.

नव्या वसाहतीची बारा घरं, मी पास केलेली,
काळी, ओली, पन्हळी गळणारी,
आतली ऊब आभाळाला फुकट वाटत बसलेली.
एकावर तर माळ्याच्या झडपेएवढाच चौकोन नेमका वितळलेला.
तिथे मी वर चढलेच नव्हते.
पाऊस होता त्या दिवशी.
ठेकेदाराने फोनवर फोटो दाखवले होते,
चांगले होते फोटो.

आणि वर हावोद वेन.
धुराड्याभोवतीची एक काळी कडी सोडली
तर पांढरं, अखंड.
अंगणात मेंढ्या उभ्या,
त्यांच्याही पाठींवर तसाच बर्फ,
न वितळलेला.

गाडी कडेला घेऊन बसले.
हीटर चालू होता, काचेवर माझाच श्वास साचत होता.
मग खिडकी जराशी खाली केली,
दोन बोटं,
आणि ऑफिसात ब्रॉनवेनला फोन लावला.

त्या बारा फाइली काढून ठेव.
हो, बाराही.
आणि लांब शिडी.

"प्रॉसरचं काय? त्याची मुदत संपतेय."

त्याला नोटीस नको पाठवूस.
तारा बघायला वीजवाला पाठव,
आणि नमुना आणायला मीच जाते,
कोरडा.